रेशी अळंबी : काढा वेगळा, पावडर वेगळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्राच्या घडीत घालून येणाऱ्या पत्रकांवर आणि आठवडे बाजारातल्या टेबलांवर हल्ली एक नाव सारखे दिसते : रेशी, म्हणजेच गॅनोडर्मा अळंबी. कुणी तिची पावडर विकतो, कुणी कॅप्सूल, कुणी कॉफी. शुगर, बीपी, सांधेदुखी, कर्करोग, सगळ्यांवर हाच एक उपाय म्हणून सांगितला जातो. ही अळंबी खोटी नाही. चीन आणि जपानमध्ये ती शेकडो वर्षे औषधात आहे. पण तिकडे ती घेण्याची रीत आणि आपल्याकडे ती खपवण्याची रीत यांत मोठा फरक आहे. तो न कळल्यामुळे माणसांच्या प्रकृतीचे नुकसान होऊ शकते, म्हणून हे लांबलेले पत्र.

रेशी भाजी करून खाण्याची अळंबी नव्हे. ती लाकडासारखी टणक आणि कडू असते. टोपी लालसर तपकिरी, वार्निश केल्यासारखी चकचकीत. खालची बाजू पांढुरकी, तिथे पडदे नसतात, बारीक छिद्रे असतात, आणि नखाने ओरखडले की तपकिरी रेघ उमटते. पावसाळ्यात आपल्या भागातही निंब, बाभूळ, शिरीष यांच्या बुंध्याशी याच कुळातल्या अळंब्या उगवतात. त्या तोडून घरी आणू नयेत. गॅनोडर्माच्या प्रजाती अनेक आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी त्या ओळखता येत नाहीत. चीनमध्ये जिची लागवड होते तीसुद्धा वेगळी प्रजाती असल्याचे २०१२ साली शास्त्रज्ञांनी मांडले आणि तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव दिले. शिवाय अळंब्या जड धातू शोषून साठवतात. त्यामुळे महामार्गाच्या किंवा कारखान्याच्या कडेची अळंबी तर मुळीच नको. शेतकऱ्यांनी मात्र ती दिसली की दुर्लक्ष करू नये. बुंध्याशी गॅनोडर्मा उगवला याचा अर्थ झाड आतून किंवा मुळाशी कुजू लागले आहे. घरालगत, गोठ्यालगत असे झाड असेल तर वादळाआधी त्याची तपासणी करून घ्यावी.

‘आयुर्वेदात सांगितलेले’ असा शिक्का काही पाकिटांवर असतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अळंब्यांचे गुण दिले आहेत, पण ते पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन या पाच ठिकाणी उगवणाऱ्यांचे. झाडाच्या खोडावरची रेशी त्यात नाही. कोकण-गोव्यात फणसाच्या खोडावरचा फणसांबा पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात, लाळ जास्त गळत असेल तर. तीही खरी परंपरा आहे, पण ती अळंबी वेगळी आणि तिचा उपयोगही वेगळा. एकीच्या नावावर दुसरी विकणे बरोबर नाही.

आता मुख्य गोष्ट, घ्यायची कशी. चिनी औषधकोशात वाळलेल्या रेशीची मात्रा दिवसाला ६ ते १२ ग्रॅम दिली आहे आणि ती उकळून घ्यायची आहे. अळंबीच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या (किड्यांच्या कवचातही असणाऱ्या टणक द्रव्याच्या) असतात, आपल्या पोटाला त्या नीट फोडता येत नाहीत. तिच्यातले बीटा-ग्लुकन (एक तंतुमय द्रव्य) गरम पाण्यात हळूहळू उतरते. कडवटपणा असतो तो ट्रायटर्पिन वर्गातल्या द्रव्यांचा. ती पाण्यात कमी आणि अल्कोहोलमध्ये जास्त विरघळतात. म्हणून पाण्याचा काढा, अल्कोहोलमधला अर्क आणि कोरडी पावडर या तीन वस्तू पोटात सारख्या वागत नाहीत.

डॉक्टरांची हरकत नसेल तर काढा असा करावा. ५ ते ६ ग्रॅम वाळलेले पातळ काप धुऊन घ्यावेत आणि पाऊण लिटर पाण्यात अर्धा तास भिजू द्यावेत. मग त्याच पाण्यात, स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात, झाकण थोडे उघडे ठेवून मंद आचेवर दीड तास उकळावेत. एक कपभर, म्हणजे साधारण २०० ते २५० मिली उरले की गाळावे. निम्मे सकाळी आणि निम्मे संध्याकाळी, जेवणानंतर घ्यावे. तेच काप दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळता येतात, पण तोपर्यंत ते फ्रिजमध्ये ठेवावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर राहिले तर रात्रीतून आंबतात. काढा तपकिरी आणि चांगलाच कडू व्हायला हवा. कडूपणा अजिबात नसेल तर माल जुना, कमी प्रतीचा किंवा दुसराच असण्याची शक्यता आहे. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत उकळून काढले तर रंग येतो, पण अळंबीतले द्रव्य बरेचसे कापातच राहते. मधुमेह असलेल्यांनी त्यात गूळ-साखर घालू नये. काप हवाबंद बरणीत ठेवावेत. मोडताना ‘कट’ असा आवाज यायला हवा. पावसाळ्यात ते मऊ पडले की बुरशी धरतात किंवा त्यांत किडे होतात. बरणीच्या तळाशी बारीक भुगा दिसला की माल टाकून द्यावा, भाजून वापरू नये.

पावडरीबद्दल आम्हाला जास्त काळजी वाटते. हाँगकाँगमधून २००४ साली आणि थायलंडमधून २००७ साली यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. थायलंडमधला रुग्ण दगावला. या नोंदींत असे रुग्ण आहेत की ज्यांनी आधी उकळलेली रेशी घेतली होती तेव्हा त्रास नव्हता, पावडर सुरू केल्यावर एक-दोन महिन्यांत यकृत बिघडले. अशी प्रकरणे थोडी आहेत. पावडर घेणाऱ्या प्रत्येकाला हे होईल असे नाही. पण ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’ हे वाक्य त्यामुळे खोटे ठरते. भूक मेली, मळमळ होऊ लागली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी घेणे बंद करावे आणि एसजीपीटी, बिलिरुबिन (यकृताच्या रक्ततपासण्या) तपासावे. डॉक्टरांना पाकीट दाखवावे. ‘बाहेरचे’ काही घेतो हे डॉक्टरांपासून लपवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती इथे घातक ठरते.

अर्काच्या कॅप्सूलवर १०:१ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, १० किलो मालातून १ किलो अर्क. म्हणजे १ ग्रॅम अर्क साधारण १० ग्रॅम वाळलेल्या अळंबीइतका. चहाचा चमचा भरून असा अर्क घेणारा माणूस औषधकोशातल्या मात्रेच्या कितीतरी पुढे जातो.

कॉफीच्या पाकिटावर घटकांची यादी पाहावी. जे वजनाने जास्त ते आधी लिहावे, असा नियम आहे. साखर आणि क्रीमर वर असतील आणि गॅनोडर्मा शेवटी असेल तर आपण महागडी कॉफी पीत आहोत, एवढेच.

पावडर कशाची आहे याची एक चाचणी घरी करता येते. काही उत्पादक अळंबी उगवूच देत नाहीत. धान्यावर बुरशीचे तंतू वाढवून धान्यासकट दळतात. अर्धा चमचा पावडर अर्धा कप उकळत्या पाण्यात ढवळावी, पूर्ण गार होऊ द्यावी (गरम पाण्यात रंग धरत नाही), वरचे नितळ पाणी वेगळ्या वाटीत घ्यावे आणि त्यात बेटाडिनचे (जखमेवर लावायच्या आयोडिनयुक्त औषधाचे) दोन-तीन थेंब टाकावेत. शेजारी दुसऱ्या वाटीत चिमूटभर कणीक घालून तसेच करावे, म्हणजे रंग ताडून पाहता येतो. निळा-काळा रंग आला तर पावडरीत स्टार्च आहे, म्हणजे धान्य किंवा पीठ मिसळलेले आहे. अळंबीत स्टार्च नसतो. रंग आला नाही म्हणून माल अस्सल ठरत नाही, कारण लाकडाचा भुसाही हा रंग देत नाही. चाचणीचे पाणी फेकून द्यावे.

गुणांबद्दल जे तपासले गेले ते सांगतो. कॉक्रेन या संस्थेने कर्करोगावरच्या ५ चाचण्यांचा (३७३ रुग्ण) आढावा घेतला. केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला रेशी दिलेल्या रुग्णांचा उपचारांना प्रतिसाद थोडा चांगला दिसला. मुख्य उपचार म्हणून ती देण्याइतका पुरावा मिळाला नाही. टाइप २ मधुमेहातल्या हृदयविकाराच्या जोखमीसाठी केलेल्या आढाव्यातही (५ चाचण्या, ३९८ रुग्ण) वापराला आधार मिळाला नाही. पुढे ८४ जणांवर १६ आठवडे, रोज ३ ग्रॅम मात्रेने झालेल्या चाचणीत उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) यांत फरक पडला नाही. मग साखरेची गोळी बंद करून रेशी घ्या, असे सांगणारा माणूस कशाच्या आधारावर बोलतो? गोळी सोडल्यावर साखर वाढते ती लगेच जाणवत नाही. डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा आतल्या आत बिघडत राहतात.

काही जणांनी ती स्वतःच्या मनाने घेऊच नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसेनोकुमारोल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारे, कारण रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत किंवा अन्य कारणाने प्लेटलेट घटलेले. मूत्रपिंडरोपण झालेले, कारण त्यांची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम दाबलेली असते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. यकृताचा आजार असलेले. शस्त्रक्रिया ठरली असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद करावी. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर बीपी किंवा साखर जास्तच खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना सांगून, मोजमाप ठेवूनच घ्यावी.

लागवडीविषयी थोडे, कारण ‘बियाणे आम्ही देतो, माल आम्हीच घेतो’ अशा योजना आता तरुण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. रेशी धिंगरीसारखी (ऑयस्टर अळंबीसारखी) गव्हाच्या काडावर पाणी मारून सहज येत नाही. रुंद पानांच्या झाडांचा भुसा (आंबा चालतो), त्यात २० टक्के गव्हाचा कोंडा, ओलावा ६५ टक्क्यांच्या आसपास, आणि पिशव्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांवर सुमारे दोन तास निर्जंतुक केलेल्या लागतात. नुसत्या गरम पाण्याच्या प्रक्रियेवर भागवले तर कोंड्यामुळे हिरवी बुरशी आधी चढते. आपल्या आरागिरण्यांत सागाचा भुसा भरपूर मिळतो, तो वापरू नये. सागाच्या लाकडातच बुरशी रोखणारे घटक असतात. कापसाच्या पऱ्हाट्यांचा भुगा फुकट मिळाला तरी त्यावर फवारलेल्या कीटकनाशकांचा अंश तपासल्याशिवाय औषधी मालासाठी घेऊ नये. तंतू वाढायला २८ ते ३० अंश तापमान मानवते, पण पुढे ८० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात साध्या शेडमध्ये ते जमणार नाही. हवा कोंडली तर टोपी उघडत नाही, शिंगासारखे फाटेच वाढतात. बी भरल्यापासून काढणीपर्यंत तीन ते चार महिने धरावेत. हिमाचल प्रदेशातील सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयाने याचे तंत्र विकसित केले आहे, ते आधी समजून घ्यावे. खरेदीची हमी देणाऱ्याकडून दर, प्रत, ओलाव्याची मर्यादा आणि माल नाकारण्याच्या अटी स्टॅम्पपेपरवर लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

शेवटी आपल्याला एक विनंती. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय (केंद्राचे अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना हवी. आपल्या दैनिकाच्या घडीत पत्रक घालण्याआधी वृत्तपत्र विक्रेत्यांनी एवढे तपासावे, असे आपण त्यांना कळवावे. वाचकांनी असे पत्रक, पाकीट, बॅच क्रमांक आणि पक्के बिल जपून ठेवावे आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.

आपले,
वनस्पतिशास्त्र व औषधनिर्माणशास्त्राचे काही शिक्षक,
जि. जळगाव