कॅमेऱ्याआधी कुंपण

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत हुकूमशाहीची काल्पनिक जगं रंगवणाऱ्या कादंबऱ्यांवर आलेला लेख वाचला. लेखाचा सारा भर पाळतीवर आहे. कॅमेरे, खबरे वगैरे. या जगांचा पाया मला दुसरीकडे दिसतो. कुंपण घातलेले जिल्हे, प्रवासाला परवाना, एका वस्तीने दुसरी कधी न पाहिलेली. राजधानीला सगळ्यांची बित्तंबातमी असते. शेजारच्या जिल्ह्यात लोक उठले तरी इथे कुणाला पत्ता नसतो. जो तो समजतो, त्रास फक्त मलाच होतोय. दक्षिण आफ्रिकेत १९८६पर्यंत कृष्णवर्णीयांना कुठे राहता-फिरता येईल हे ठरवणारं पासबुक जवळ बाळगावं लागे, ही तर कादंबरी नव्हती.

मी रत्नागिरीत इतिहास शिकवला. आमच्या शहरात थिबा पॅलेस आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. त्याआधी १८५८मध्ये दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्यांनी रंगूनला धाडलं होतं. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! दोघांनाही फासावर चढवलं नाही. त्यांच्यासाठी कुणी उठणार नाही अशा जागी नेऊन ठेवलं. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटी बंद. थिबा १९१६मध्ये इथेच वारला, त्याची राजधानी मंडाले त्याला पुन्हा दिसली नाही.

आणि हे अंतर शेकडो मैलांचंच लागतं असं नाही. महाडचं चवदार तळं भर गावात. नगरपालिकेने १९२४मध्ये ते सर्वांना खुलं केलं, तरी दलितांना तिथलं पाणी मिळत नव्हतं. १९ आणि २० मार्च १९२७ला गावोगावच्या, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली माणसं परिषदेसाठी एकत्र आली, डॉ. आंबेडकरांसोबत तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली. एरवी आपापल्या गावात मूठभर असलेली माणसं त्या दिवशी हजारोंनी होती. त्यांच्यावर लगेच हल्ला झाला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. दलितांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

माझी नात या कादंबऱ्या अधाशासारख्या वाचते. तिच्या वयाच्या वाचकांसाठी आपण याच लेखमालेत थिबा राजा आणि महाड यांवर एक लेख द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी