दादा, त्या एका केसाबद्दल थँक्यू

दादा, तुम्ही फोनवर एवढं लांबलचक वाचत नाही माहितीये, म्हणून तुमच्या पोराला पाठवतोय, तो दुकानात वाचून दाखवेल.

सेमिनारला मी विषय घेतला होता, दोन आरशांच्या मधे एकच अणू आणायचा आणि प्रकाशाने त्याच्यावर नजर ठेवायची. घेताना लई भारी वाटला, नंतर पंधरा दिवस डोक्यात काही शिरेना. अणू तो केवढासा, त्याच्यानं लेझरला फरक पडून पडून पडणार किती? त्या दिवशी अशोक चौकात तुमच्या खुर्चीत बसून पुढच्या-मागच्या आरशात माझीच डोकी मोजत होतो तर तुम्ही ओरडलात, "मान हलवू नको, काय बघायलाव बे?" मग सगळं सांगितलं, त्या दोन आरशांमधल्या पोकळीला कॅव्हिटी म्हणतात म्हणल्यावर तुम्ही दाढ दाखवलीत ते सोडा, पण नंतर माझ्या अंगावरच्या कापडावरनं एक केस उचलला, ओल्या बोटानं समोरच्या काचेला चिकटवला आणि म्हणालात, "एकच हाय का? आता मोज."

सात ठिकाणी दिसला. पुढं सगळं हिरवट अंधार.

तिथंच ट्यूब पेटली. तुमचे आरसे दर वेळी थोडा प्रकाश खातात म्हणून गाडी सातावर थांबली, आणि अमेरिकेत कॅलटेकला जेफ किंबल यांच्या लॅबमधे आरसे असे होते की प्रकाश आत लाखाहून जास्त वेळा आपटायचा, म्हणजे सिझियमचा अणू एकच असला तरी गाठ लाखदा पडणार ना! अणू आत आला की कॅव्हिटीचा सूर बिघडतो, आरपार येणारा लेझर झटकन मंद होतो, फोटो न काढता कळतं की आला. २००० साली त्यांनी आणि जर्मनीत गार्चिंगला गेरहार्ड रेम्पे यांच्या ग्रुपनं तर सरासरी एखाद्या फोटॉनएवढ्या, म्हणजे प्रकाशाच्या एखाद्या कणाएवढ्या प्रकाशानं अणू क्षणभर धरूनही ठेवला. किंबल यांच्या आरशांतली फट फक्त ११ मायक्रोमीटर, तुमचा तो केसपण मावायचा नाही. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मग तिथं आपलं काय काम!"

सेमिनारला मी दोन छोटे आरसे आणि एक केस घेऊन गेलो. स्लाईड्स कुणी बघितल्याच नाहीत, सगळे केस मोजत बसले.

थँक्यू दादा. रविवारी येतो, त्या दिवशीचे पैसे घेतले नव्हते ते पण घ्या.