पाटल्या लॉकरमध्ये नव्हत्या

पुणे, 9 मार्च 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण आई, तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि शेजारच्या काकू तिथेच भाजी निवडत बसलेल्या असतात. म्हणून पत्र.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, एफडी मोडतो, तू फ्लॅटचं बुकिंग करून टाक. मोडू नका. मी सध्या फ्लॅट घेत नाहीये, आणि का ते सांगायचं तर आधी एक खोटं निस्तरायला हवं. मामेभावाच्या लग्नात आईने विचारलं होतं, पाटल्या का नाही घातल्यास? मी म्हटलं, लॉकरमध्ये आहेत. बँकेतच होत्या, पण गहाण.

माझ्यावर क्रेडिट कार्डाचं देणं झालं होतं. 1,87,000 रुपये.

बाबा, तुमच्या डोक्यात आता मोतीबिंदूचं ऑपरेशन येणार, मला माहीत आहे. त्याचे 42,000 मी कार्डावर भरले, हे खरं. पण दोन-तीन पगारांत ते फिटले असते. मला त्याच महिन्यात नवा फोन हवा होता, आणि बिलावर 'मिनिमम ड्यू 2,100' असं छापलेलं होतं. वाटलं, बँकच म्हणतेय ना, एवढे भरा म्हणून! तिथून सवय लागली.

उरलेल्या बाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाचे बेचाळीस, हे गणित तुमच्या चौथीच्या पोरांनीही केलं असतं. वर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही. दूध घेतलं तरी त्या दिवसापासून मीटर चालू. शेवटी शेवटी मी महिन्याला 9,350 भरत होते आणि त्यातले 7,700 व्याजात आणि जीएसटीतच जायचे. मुद्दल दीड-दोन हजारांनी खाली यायचं, तोवर तेवढ्याचं काहीतरी परत घेतलेलं असायचं. बाहेरून मागवलेली जेवणं, गोव्याची ट्रिप, मैत्रिणीच्या लग्नातली साडी. तुम्ही शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलंत तेव्हा वर दोन खोल्या तरी चढल्या. माझ्याकडे दाखवायला काही नाही.

ऑफिसात एकाने सुचवलं, भरणंच बंद कर, सहा महिन्यांनी बँक स्वतःहून अर्ध्यावर तडजोड करते. पण मग सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या, रिपोर्टात 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलं की तो आडवा येतो. तेवढा शहाणपणा मात्र शिल्लक होता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पाटल्या घेऊन बँकेत गेले. त्यांच्या सोनाराने दोन्ही कसोटीवर घासल्या, तराजूत ठेवल्या. एक हातात फिरवत म्हणाला, मॅडम, इथे पोचा आलाय. मला माहीत होता तो पोचा. मी लहान असताना तू खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होतीस आणि मी मध्येच हात घातला. माझी बोटं वाचवताना पाटली बत्त्याखाली आली. सोनाराला म्हटलं, वापरातल्या आहेत. त्याने पाकिटात घालून सील केलं, माझी सही घेतली. बाहेर येऊन मी रिक्षा न करता चालत घरी गेले. रडले नाही, पण अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला तेव्हा मात्र राहवलं नाही.

1,60,000 मिळाले, उरलेले 27,000 पगारातून घातले आणि कार्ड एका दिवसात कोरं केलं. सोनेतारण कर्ज नऊ टक्क्यांनी, हप्ता 14,000. बाबा, वर्षभराचं सगळं व्याज आठ हजारांच्या आत बसलं. कार्डावर तेवढं जवळपास एका महिन्यात जात होतं. हे आधी का नाही केलं, तर पाटल्या तुझ्या होत्या म्हणून, आई. विचारायची लाज वाटली, आणि न विचारता न्यायची त्याहून.

कार्ड बंद करायचा अर्जही दिला. बाकी नसेल तर बँकेला सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेवढ्या दिवसांतही तीन फोन आले. मॅडम, लिमिट वाढवून देतो!

28 फेब्रुवारीला पाटल्या सोडवल्या. हप्त्याचे ते 14,000 आता दर महिन्याला आरडीत टाकतेय. दोन वर्षांनी फ्लॅटचं बघू, तेव्हाही एफडी तुमचीच राहील.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळच्या एसटीने निघते. पाटल्या रुमालात बांधून पर्समध्ये आणतेय. तू म्हणालीस तर गुढी उभारताना घालीन, नाहीतर तुझ्याकडेच ठेव. पोचा मात्र सोनाराकडून काढून घ्यायचा नाही.

तुमची,
बेबी