व्हिलन बावळट असला तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर लेख आला होता तो वाचला, बाकी सगळं ठीक, पण हल्लीच्या गेममधले व्हिलन बावळट असतात कारण लिहिणाऱ्यांना डोकं चालवायचा कंटाळा असतो, असं जे म्हटलंय ते काही पटलं नाही.

एकतर हे हल्लीचं नाहीच. मारिओ १९८५चा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते चायनीज गेम आले, पिवळी कॅसेट फुंकून फुंकून घुसवायची, तेव्हा आमच्या पिढीने खेळला. त्यातला किल्ल्यातला तो ड्रॅगन (बाउजर हे नाव तेव्हा कोणाला माहीत होतं!) काय करतो, तर खाली लाव्हा, वर पूल, स्वतः पुलावर उभा, आणि पूल पाडायची कुऱ्हाड मात्र आपल्या पाठीमागे पुलाच्या टोकाला ठेवून देतो. मारिओने उडी मारून जायचं, कुऱ्हाडीला हात लावायचा, पूल गेला, साहेब लाव्हात. बरं एकदा झालं, शिकेल की नाही? आठही किल्ल्यांत तेच.

आता यात आळस कुठे आहे सांगा. सिनेमात व्हिलनला हीरो हरवतो, आपण पॉपकॉर्न खातो. गेममध्ये आपल्यालाच हरवायचं असतं, म्हणजे कुठेतरी फट ठेवावीच लागते, नाहीतर गेम विकणार कोणाला. व्हिलन महाहुशार दाखवला की मग ती फट खटकते, एवढा ग्रेट आहेस तर पाठीवर 'इथे मारा' असा लाल दिवा लावून का फिरतोस बाबा? पण तोच जर अतिशहाणा आणि वेंधळा असेल तर फट त्याच्या स्वभावातच बसते, कोणी विचारत पण नाही.

१९९४च्या फायनल फँटसी सिक्समध्ये अल्ट्रॉस नावाचा जांभळा ऑक्टोपस आहे. खाली ऑपेरा रंगात आलाय आणि हा वर छताजवळच्या तुळयांवर चढून स्टेजवरच्या गायिकेच्या डोक्यात भलंमोठं वजन टाकणार, गडकरी रंगायतनला भरल्या प्रयोगात वर लाइटपाशी कोणीतरी चढून बसलंय असं समजा. वजन ढकलायला गेल्यावर याला कळतं की अरे हे तर फारच जड आहे, पाच मिनिटं तरी लागतील. आणि स्क्रीनवर पाच मिनिटांचं घड्याळ सुरू, तेवढ्यात आपण त्याला गाठायचं! दुसऱ्या कोणी नुसतं टायमर लावून मोकळं केलं असतं, इथे टायमर हाच जोक आहे. याला डोकं लागत नाही?

सगळ्यात भारी माझ्या मते पोर्टल टूमधला व्हीटली. २०११चा गेम, पोर्टल म्हणजे बंदुकीने भिंतीवर मारायचं जादूचं दार, एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं. व्हीटलीला आवाज स्टीफन मर्चंट या ब्रिटिश कॉमेडियनचा. हा म्हणजे एक डोळा असलेला गोळा, आणि शास्त्रज्ञांनी तो बनवलाय कशासाठी, तर दुसऱ्या हुशार कॉम्प्युटरबाईला सतत चुकीचे सल्ले देऊन तिची अक्कल कमी करायला. तोच पुढे त्या शास्त्रज्ञांच्या सगळ्या बिल्डिंगचा मालक होतो. मग आपल्याला परीक्षा द्यायची म्हणून कोडं बनवतो, एक बटण एक ठोकळा, पोरंसुद्धा सेकंदात सोडवतील, आणि सुटलं की इतका खूश की तेच परत करायला लावतो. शेवटच्या फाइटला तर पूर्ण तयारीनिशी, त्या कॉम्प्युटरबाईला आपण आधी कसं हरवलं त्याच्या टेप बघून चार कलमी प्लॅन, पोर्टल मारता येईल असा पृष्ठभागच ठेवायचा नाही, विषारी वायू लगेच सोडायचा, स्वतःला बॉम्बप्रूफ ढाली, आणि त्यानंतर आपल्यावर फेकायला बॉम्ब. ऐकायला चोख. फक्त त्याच्याच बॉम्बने पांढऱ्या जेलचा (रंगासारखं घट्ट द्रव) पाइप फुटतो, आणि ते जेल जिथे पडेल तिथे पोर्टल लागतं. पहिलं कलम त्याच्या चौथ्या कलमानेच उडवलं.

भाचा ऐरोलीला आमच्याकडे सुट्टीत हे खेळत होता, आई बाजूला भाजी निवडत बसलेली, तिला इंग्रजी फार कळत नाही, पण दहा मिनिटं त्या गोळ्याची बडबड ऐकून म्हणाली, "ह्या मेल्याक अक्कल म्हणान नाय, हो तर संकासूर!" दशावतार पाहिलेल्यांना लगेच कळेल. काळे कपडे, लाल जीभ बाहेर, वेद चोरलेला राक्षस, पोरं आधी घाबरतात मग खो खो हसतात, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरायचंय हे सगळ्या गावाला माहीत. आमच्या वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक सुरू केलं, त्या काळचे राक्षससुद्धा "अलल डुर्र" करत स्टेज दणाणून सोडायचे. तेव्हा कोणी म्हटलं नाही की लिहिणारा आळशी.

अर्थात सगळेच जमतात असं नाही. गेममधला जो व्हिलन स्वतःच जोक मारून आपल्याकडे बघतो, की हसलात ना, तो मला बोअर होतो. व्हीटली एकदाही हसवायला जात नाही, त्याला खरंच वाटतं की आपण जीनियस आहोत, मरायच्या खड्ड्यात उडी मार म्हणून तो आपल्याला चक्क गयावया करतो. (हट्टाने मारलीच उडी तर त्यालाच धक्का बसतो, करून बघा.)

लेखकांना एवढीच विनंती की लिहायच्या आधी हा गेम खेळून बघावा. जुना आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, सेल लागला की वडापावच्या हिशोबात मिळतो.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई