शिकागोहून बाबांना : सनदेआधीची वकिली

ती. बाबा,
सा. नमस्कार.

आई फोनवर "पोरगी वकील झाली" म्हणाली आणि मागून तुमचा आवाज आला, "सनद कुठाय?" सनद नाहीच. ती बार परीक्षेनंतर. मला मिळालंय ते इलिनॉय राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या नियम ७११ खालचं, कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीचं मर्यादित लायसन्स. इथे सगळे त्याला सेव्हन-इलेव्हन म्हणतात. ठरावीक क्रेडिट्स झाली आणि डीननी सही केली की कॉलेजचं क्लिनिक (म्हणजे कायदेविषयक मदत केंद्र), सरकारी वकिलांचं किंवा पब्लिक डिफेंडरचं (गरीब आरोपींच्या सरकारी बचाव वकिलाचं) ऑफिस अशा ठिकाणी वकिलाच्या देखरेखीखाली काम करता येतं. पक्षकाराची लेखी संमती फाइलला लागते. त्याच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही.

तुरुंगवास होऊ शकेल अशा फौजदारी खटल्यात देखरेख करणारा वकील हजर लागतोच, आम्ही नुसते मदतनीस. दिवाणीत तो नसला तरी नियमाला चालतं. आमच्या मॅडम मात्र येतात, मागच्या बाकावर बसतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणं फार जड जातं!

माझी प्रकरणं जागा खाली करून घेण्याच्या दाव्यांची. डेली सेंटर या कोर्टाच्या इमारतीचा चौदावा मजला. (आईला सांगा, इमारतीबाहेर पिकासोचं पन्नास फुटी पोलादी शिल्प आहे. बाई आहे की कुत्रा, हा वाद अजून मिटलेला नाही.) एका वयस्क बाईंचं भाडं थकलं होतं. इथे थकबाकीसाठी पाच दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि मालकाने ती मुदत संपायच्या आतच दावा ठोकला होता. दावा काढून टाकण्याच्या अर्जाखाली माझी सही 'सिनियर लॉ स्टुडंट' म्हणून आणि शेजारी मॅडमची. जज्जांनी पहिलाच प्रश्न विचारला, नोटीस बजावल्याचा पुरावा कुठल्या पानावर? तुम्ही रोज रात्री फाइलला चिठ्ठ्या लावत बसायचात ते का, हे तेव्हा कळलं. पान सापडलं, दावा फेटाळला गेला. मालक नवी नोटीस देऊन परत येईलच, पण बाईंना तेवढी उसंत मिळाली.

एक गोष्ट मात्र खटकते. आम्ही शिकतो ते नेहमी गरिबाच्याच प्रकरणावर. पैसेवाला विद्यार्थ्याला कशाला उभं करेल? १९७२ च्या आर्गरसिंगर खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं होतं की गरिबांना वकील मिळण्यासाठी विद्यार्थ्यांचा मोठा उपयोग होऊ शकेल. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, त्या मजल्यावर बहुतेकांना तुझ्याऐवजी कुणीच मिळत नाही. उत्तर खरं आहे, पण माझं समाधान झालेलं नाही.

आपल्याकडे पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची असूनही कोर्टात तोंड उघडता येत नाही. सनद मिळाल्यावर मग वर्षभर तारखा मागत फिरायचं. तुमचा तो बाळू अजून तेच करतोय ना? ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३२ प्रमाणे सनद नसलेल्यालाही एखाद्या प्रकरणापुरती परवानगी कोर्ट देऊ शकतं. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या छोट्या प्रकरणांत कराडला कुणी विद्यार्थ्यासाठी असा अर्ज केलाय का? वकिलांच्या बार रूममध्ये विचारून बघा. जुने लोक हसतील, हसू देत.

आईला सांगा, मेतकूट पोचलं. लोणच्याची बरणी मात्र कस्टमवाल्यांनी अडवली.

तुमची,
मुग्धा