परदेशी निघालेल्या आई-वडिलांचे दात आणि विम्यातली एक ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांकडे चार-सहा महिने राहण्यासाठी परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांची संख्या आपल्याकडे आता लहान राहिलेली नाही. अशा प्रवासाच्या तयारीत व्हिसा, विमा, रक्तदाबाच्या गोळ्या, लोणची आणि गोधड्या या सगळ्यांची आठवण राहते, पण दातांची राहत नाही. आमचीही राहिली नाही आणि त्यापायी माझ्या पत्नीला एक दाढ गमवावी लागली, जी पुण्यात सहज वाचली असती. हा खर्चाचा विषय आहे, म्हणून आकडे मोकळेपणाने देऊन लिहितो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैमध्ये, आम्ही दोघे मुलाकडे इंग्लंडमधील रेडिंग येथे गेलो. सुनेचे बाळंतपण होते आणि डिसेंबरपर्यंत राहायचे असे ठरले होते. निघण्याच्या तीन महिने आधी आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांनी पत्नीची खालची उजवी दाढ पाहून ‘एकदा एक्स-रे काढून घेऊ, आत कीड खोल गेलेली वाटते’ असे सांगितले होते. दाढ दुखत नव्हती, व्हिसाची गडबड होती आणि खरेदी राहिली होती, त्यामुळे परत आल्यावर पाहू असे आम्ही ठरवले. हा निर्णय माझा होता, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्री गाल सुजला. सकाळी मुलाने तिथल्या १११ या आरोग्य-दूरध्वनीवर फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तातडीची वेळ मिळाली. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत दवाखान्यातील दंतवैद्याकडे जो दर स्थानिक नागरिकाला, तोच पाहुण्यालाही लागतो. रुग्णालयात दाखल होणाऱ्या पाहुण्याला मात्र बहुतेक उपचारांसाठी दीडपट आकारणी होते, हा फरक आम्हाला तेव्हा कळला. तातडीच्या तपासणीचे २७.४० पौंड झाले. दंतवैद्य तरुण बाई होत्या. त्यांनी शांतपणे एक्स-रे काढला, पू वाहून जाऊ दिला, आत औषध ठेवून तात्पुरते सिमेंट भरले आणि दाढ वाचण्यासारखी आहे, पण काही आठवड्यांत रूट कॅनल आणि नंतर कॅप करून घ्यावी लागेल, असे समजावून सांगितले. त्या बाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण हे पुढचे काम करायचे कोणी? इंग्लंडमध्ये एनएचएसच्या दंतोपचारांचे तीन दर ठरलेले आहेत आणि एप्रिल २०२५ पासून ते २७.४०, ७५.३० आणि ३२६.७० पौंड असे होते. रूट कॅनल दुसऱ्या दरात बसते. त्याच उपचारात कॅपही घेतली तर तिसरा दर लागतो आणि त्यात सगळेच येते. म्हणजे आमचे सगळे काम ३२६.७० पौंडांत व्हायला हवे होते. पौंडाला सुमारे ११८ रुपये धरले तर ही रक्कम साडेअडतीस हजारांच्या घरात जाते. पुण्याच्या मानाने जास्त, पण भरता येण्याजोगी. सुनेने तान्हे बाळ मांडीवर घेऊन दोन दिवसांत अकरा दवाखान्यांना फोन केले. अकराही ठिकाणी एकच उत्तर मिळाले, की एनएचएसच्या दरात नवीन प्रौढ रुग्ण घेणे बंद आहे, खासगी दराने या.

हा आमच्याच नशिबाचा भाग नव्हता. बीबीसीने २०२२ मध्ये ब्रिटिश डेंटल असोसिएशनच्या साथीने तिथल्या हजारो दवाखान्यांना विचारणा केली, तेव्हा दहापैकी नऊ दवाखाने नवीन प्रौढ रुग्ण घेत नसल्याचे दिसले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरातील सेंट पॉल्स भागात बंद पडलेला एक दवाखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा नाव नोंदवण्यासाठी रस्त्यावर शेकडो लोकांची रांग लागली आणि पोलिसांना यावे लागले.

यामागचे कारण मी मुलाकडून आणि वाचनातून समजून घेतले, आणि ते आपल्याकडच्या वाचकांनाही उद्बोधक वाटेल. २००६ पासून लागू असलेल्या करारानुसार तिथल्या दंतवैद्याला प्रत्यक्ष केलेल्या कामाचे पैसे न मिळता, उपचार ज्या दरात बसतो त्यानुसार ठरावीक ‘एकके’ मिळतात आणि वर्षभरात इतकी एकके करून देईन असा त्याचा सरकारशी करार असतो. नोव्हेंबर २०२२ पर्यंत एका दातात सिमेंट भरले काय किंवा दाढेचे तासा-दीड तासाचे रूट कॅनल केले काय, एकके तीनच मिळत. दाढेच्या रूट कॅनलला सात एकके देण्याची सुधारणा त्यानंतर झाली. पण तोपर्यंत कितीतरी दवाखाने खासगी कामाकडे वळून गेले होते. ज्या देशाने १९४८ मध्ये सर्वांना मोफत उपचार देणारी सेवा उभी केली, त्याच देशात १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावल्याच्या निषेधार्थ त्या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले होते. दातांच्या खर्चाचा प्रश्न तिथे इतका जुना आहे.

तर खासगी दर. घराजवळच्या एका दवाखान्याने लेखी अंदाज दिला तो असा: तपासणी व एक्स-रे ९५ पौंड, दाढेचे रूट कॅनल ७८० पौंड, कॅप ८२० पौंड, एकूण १,६९५ पौंड, म्हणजे आपले दोन लाख रुपये. मुलाने क्षणाचाही विचार न करता होकार दिला होता. पत्नीने तो अंदाज हातात घेतला, कागदाच्या मागे रुपयांत हिशेब मांडला आणि म्हणाली, ‘अरे, एका दाढेपायी दोन लाख? तुझं घराचं कर्ज चालू आहे, बाळ घरात आलंय. काढून टाकू दे ती.’ मुलाने समजूत घातली, मी माझ्या मुदत ठेवीतून पैसे देतो म्हणालो, सून रडली. तिने ऐकले नाही. तिकीट अलीकडे घेऊन पुण्याला परतावे, तर ज्या कामासाठी आलो तेच अर्धे राहिले असते.

मुलाच्या कचेरीतील एका हंगेरियन सहकाऱ्याने आपुलकीने सुचवले, की बुडापेस्टला जाऊन या, तिथे निम्म्याहून कमी पैशांत होईल. हा सल्ला हवेतला नव्हता. ऑस्ट्रियाच्या सीमेलगतची शोप्रोन आणि मोशोनमाग्यारोवार ही हंगेरीतील गावे १९८९ नंतर दातांच्या दवाखान्यांवरच भरभराटीला आली आणि व्हिएन्नाचे लोक आजही कॅप आणि इम्प्लांटसाठी (हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेल्या कृत्रिम दातासाठी) तिथे जातात. पण भारतीय पारपत्रावर, ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर आलेल्या आमच्यासारख्यांना हंगेरीत जायचे तर वेगळा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा, लागतो. शिवाय स्वस्त दवाखान्याचा दर हा एका दाताचा दर असतो. दोन फेऱ्यांचा प्रवास, मुक्काम, सोबतीच्या माणसाची रजा आणि काही बिघडले तर तिसरी फेरी हे त्यात धरलेले नसते. इम्प्लांटचा स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि दात त्यानंतर बसतो. एका आठवड्याच्या सहलीत पूर्ण इम्प्लांट करून देतो असे कोणी सांगत असेल, तर पुढे ती दुरुस्ती कोण करणार, हे आधी विचारावे. (डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन दहा दिवसांत सगळे दात करून घेणाऱ्या आपल्या परदेशस्थ मुलांनाही हाच प्रश्न लागू आहे, आणि त्यांना घाईने होकार देणाऱ्या आपल्या दवाखान्यांनाही.)

शेवटी ऑक्टोबरमध्ये पुन्हा सूज आली, पुन्हा १११ ला फोन झाला, पुन्हा २७.४० पौंड भरले आणि त्या बैठकीत पत्नीने दाढ काढून घेतली. एकूण खर्च ५४.८० पौंड, म्हणजे साडेसहा हजार रुपये. पैशांत पाहिले तर आम्ही स्वस्तात सुटलो. पण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, वाचण्यासारखी दाढ पैशांकडे पाहून काढावी लागली, ही गोष्ट मला अजून लागते. परत आल्यावर पुण्यातील दंतवैद्यांनी सांगितले, की त्या वेळी रूट कॅनल आणि कॅप मिळून चौदा हजारांत झाले असते. आता त्या जागी ब्रिज बसवायचा तर चोवीस हजार रुपये आणि आधारासाठी शेजारचे दोन निरोगी दात घासावे लागणार.

आता विम्याविषयी. आम्ही दोघांचा पन्नास हजार डॉलरचा प्रवास विमा काढला होता आणि त्या आकड्याने आम्हाला निर्धास्त वाटत होते. दाढ काढल्यावर पॉलिसीची पाने उलटली, तेव्हा दातांसाठीची ओळ सापडली: अचानक उद्भवलेल्या तीव्र वेदनेवर तात्पुरता उपचार, मर्यादा तीनशे डॉलर, त्यातील पहिले शंभर डॉलर ग्राहकाचे. आमचे ५४.८० पौंड शंभर डॉलरच्या आतच असल्यामुळे एक पैसाही मिळाला नाही. आणि दोन लाखांचे रूट कॅनल व कॅप केली असती, तरी ती ‘तात्पुरत्या उपचारा’त बसत नाही म्हणून मिळाला नसताच. विमा कंपनीने फसवले असे मी म्हणत नाही, कारण ओळ छापलेली होती. पण विमा काढून देणाऱ्या एजंटाने हृदयविकार, अपघात, हरवलेली बॅग यांविषयी अर्धा तास सांगितले आणि दातांविषयी एक शब्द काढला नाही, आणि मीही विचारले नाही. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्याच्या पॉलिसीसोबत सोप्या भाषेतील माहितीपत्रक देणे विमा नियामकाने बंधनकारक केले आहे आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळण्याची तरतूद आहे. ज्येष्ठ नागरिकांना प्रवास विमा विकताना दातांची ही मर्यादा मराठीत, ठळक अक्षरांत, पहिल्याच पानावर दाखवावी आणि ती वाचून दाखवल्याची सही घ्यावी, एवढी मागणी मी या पत्राद्वारे विमा कंपन्यांकडे आणि सहल कंपन्यांकडे करतो. त्यासाठी कोणाला फारसा खर्च येणार नाही.

इतर देशांत जाणाऱ्यांची स्थितीही वेगळी नाही. अमेरिकेतील मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी योजना १९६५ पासून नेहमीचे दंतोपचार वगळूनच चालत आली आहे. तिथले नागरिकच ॲरिझोनातील युमाजवळून सीमा ओलांडून मेक्सिकोतील लोस अल्गोदोनेस या छोट्या गावी दात करायला जातात, तेव्हा पाहुण्या आई-वडिलांचा प्रश्नच येत नाही. कॅनडाने अलीकडे दंतोपचारांची मोठी सरकारी योजना आणली, पण ती तिथे राहून कर-विवरण भरणाऱ्यांसाठी आहे. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकेअरमध्येही प्रौढांचे बहुतेक दंतोपचार येत नाहीत.

म्हणून निघण्याच्या किमान तीन महिने आधी दंतवैद्याकडे जावे, दुखत नसले तरी जावे, आणि संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घ्यावा. तीन महिने अशासाठी, की रूट कॅनलच्या दोन-तीन बैठका, नंतर कॅपचे माप, दात काढला तर हिरडी भरून येण्याचा काळ आणि मग कवळी, हे सगळे घाईने उरकण्याचे काम नाही. अर्धवट रूट कॅनल घेऊन विमानात बसले, तर केबिनमधील दाब बदलल्यामुळेही ठणका लागू शकतो. कवळी वापरणाऱ्यांनी जुनी कवळी फेकून न देता सोबत न्यावी. एक्स-रेच्या प्रती मुलांच्या फोनमध्ये आधीच पाठवून ठेवाव्यात, म्हणजे तिथला दंतवैद्य पुन्हा एक्स-रे काढण्याचे पैसे घेणार नाही, निदान कमी घेईल. रक्त पातळ करण्याच्या किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या चालू असतील तर त्यांची नावे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून जवळ बाळगावीत, कारण दात काढण्यापूर्वी तिथला दंतवैद्य हीच माहिती प्रथम विचारतो आणि त्या वेळी गालाची सूज आणि परकी भाषा यांमुळे नावे आठवत नाहीत.

ज्यांच्याकडे खासगी दवाखान्याची फी भरण्याची सोय नाही, त्यांनी मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय किंवा नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये यांचा विचार जरूर करावा. तिथे वेळ जास्त लागतो, म्हणून तर आणखी आधी जायला हवे.

उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या व्हिसाच्या तारखा आता मिळू लागल्या असतील. ज्या आठवड्यात ती तारीख हाती येईल, त्याच आठवड्यात आईला आणि बाबांना दंतवैद्याकडे घेऊन जावे, आणि आई ‘मला काही दुखत नाही’ म्हणाली तरी घेऊन जावे, अशी परदेशातील मुला-मुलींना माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक,
कोथरूड, पुणे