साखरेचं अपील आणि सात रिकाम्या खुर्च्या

प्रति,
मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. 2018-19 च्या हंगामातल्या काट्याच्या पावत्या अजून माझ्या कपाटात आहेत. त्या वर्षी एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, होती 10 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 275 रुपये. कायद्यानं 14 दिवसांत मिळायला हवी होती. आमच्या कारखान्यानं ती तुकड्यातुकड्यानं पार पावसाळ्यापर्यंत नेली. ते गाऱ्हाणं तुमच्यापुढे मांडत नाही. पण हीच एफआरपी ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 मध्ये जिनिव्हाला, जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार म्हणून नेली, आणि तिथलं खातं तुमचं.

डिसेंबर 2021 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनं आपल्या विरुद्ध निकाल दिला. 2014-15 पासून सलग पाच हंगाम उसाला उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर आधार दिला, असा ठपका. एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, हे आपलं म्हणणं टिकलं नाही. आपण अपील केलं. पण ते ऐकणार कोण? अपील मंडळावर सात सदस्य हवेत. अमेरिका नेमणुका अडवत राहिली, डिसेंबर 2019 मध्ये तीन जणांचं खंडपीठही भरेना, आणि 2020 च्या नोव्हेंबरअखेर शेवटच्या सदस्याचीही मुदत संपली.

बांधाच्या भांडणात आमच्याकडे हीच युक्ती चालते. निकाल विरुद्ध गेला की वर अपील टाकायचं आणि तारखा घेत बसायचं. तोवर बांध जिथं सरकलाय तिथंच. खोटं कशाला बोलू, साखरेच्या बाबतीत ही युक्ती माझ्या पथ्यावर पडली. निकाल लागू झाला असता तर एफआरपीला धक्का बसला असता.

पण बांध शेजाऱ्यालाही सरकवता येतो. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या अक्षय ऊर्जा अनुदानांविरुद्ध आपण जून 2019 मध्ये जिंकलो. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं अपील टाकलं. निकाल तसाच पडून राहिला आणि 2023 मध्ये दोन्ही देशांनी आपसांत सहा वाद मिटवले, त्यात तो गेला. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत आपल्या मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क बसलं, तेव्हा जिनिव्हात जिंकून तरी हाती काय आलं असतं? 2004 मध्ये बांगलादेशानं बॅटऱ्यांवरच्या शुल्कासाठी आपल्याला तिथंच खेचलं होतं. पुढे आपण ते शुल्क काढलं. वर दाद मागता येते ही धास्ती नसती, तर धाकट्या शेजाऱ्याचं आपण इतकं ऐकलं असतं का, मला शंका आहे.

अमेरिकेचं सगळंच चूक नाही. अपिलाचा निकाल 90 दिवसांत द्यायचा नियम आहे, तो मंडळानं वारंवार मोडला. मुदत संपलेले सदस्यही हातातली प्रकरणं ऐकत राहिले. या दोन गोष्टींवर भारतानं स्वतःहून लेखी मसुदा द्यावा. नुसतं 'मंडळ पूर्वीसारखं करा' म्हणून भागणार नाही.

युरोपीय संघ, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांनी 2020 मध्ये अपिलांसाठी आपसांत तात्पुरती लवादाची सोय केली. पुढे जपानही त्यात आला. आपण अजून बाहेर. आत गेलो तर पुढच्या प्रकरणांत हरल्यावर पळवाट उरणार नाही, हे कळूनही भारतानं आत जावं, असं मी मागतो आहे. मात्र आत जाताना एक गोष्ट रेटा. शेतमालाच्या आधाराचा हिशेब अजून 1986-88 च्या भावावर करतात. तेव्हाच्या डिझेलच्या भावात आज मला कुणी ट्रॅक्टर नांगरून देत नाही.

साखरेच्या प्रकरणात भारतानं काय काय मांडलं, हे कारखान्याच्या सभेत विचारलं तेव्हा व्यासपीठावर कुणालाच सांगता आलं नाही. आपण मुंबईचे खासदार आहात. उत्तर मराठीत आलं तर पुढच्या सभेत वाचून दाखवीन.

आपला,
एक ऊस उत्पादक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर